सरळ केलेला हेडलाइट

त्याला सगळे करंट म्हणायचे. नाव ठेवणाऱ्याने थट्टाच केलेली असणार, कारण त्या माणसाच्या अंगात करंट म्हणावा असं काही उरलं नव्हतं. दुकानाचं शटर वर ढकलायला त्याला दोन दम लागायचे. शटर कमरेपर्यंत आलं की तो तिथंच थांबून श्वास घ्यायचा, आणि रस्त्याने जाणारं कुणीतरी म्हणायचंच, "काय करंट, लाइट गेली का?" तो हसायचा. रोजचा तोच विनोद रोज नव्याने हसून ऐकणं हेसुद्धा एक कामच असतं, फक्त त्याची मजुरी कुणी देत नाही.

काम मोटरसायकलींच्या वायरिंगचं. गाळा एवढासा, की एक गाडी आत घेतली की दुसरीला बाहेरच ताटकळावं लागे. बॅटरीच्या रिकाम्या खोक्यावर बसून, हँडलखाली मान घालून त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. मान आता आपणहून खालीच राहायची. घरी जेवायला बसला की बायको म्हणायची, "इथं तरी वर बघा, ताटात काही तुटलेलं नाहीये." त्यालाही तो हसायचा.

पण हात मात्र नीट होता, हे त्याचा दुस्वास करणारेही मान्य करायचे. वायरचा जोड दिला की सोंगट्या मांडल्यासारखा सारखा. क्लिपा एका ओळीत. त्याला वाकडं काही बघवायचं नाही. गिऱ्हाईक हॉर्नसाठी आलं असलं तरी तो आधी लोंबकळणारा इंडिकेटर सरळ करायचा, न सांगता, न विचारता. "असू द्या ना ते," गिऱ्हाईक म्हणायचं. "मला दिसतंय ना पण," हा म्हणायचा. या सवयीचा त्याला अभिमान होता आणि अजून तरी तिने त्याला कधी गोत्यात आणलं नव्हतं.

गेल्या काही वर्षांत लोकांना उजेडाचं वेड लागलं होतं. जो तो एलईडी मागायचा. सकाळी एकजण येऊन सांगायचा, समोरच्याच्या लाइटने डोळे फुटायची वेळ येते, मला त्याच्याहून जबर बसवून दे. संध्याकाळी तो समोरचा यायचा, तेच सांगत. करंट दोघांनाही बसवून द्यायचा. कोण कुणाला आंधळं करतंय हे बघणं त्याचं काम नव्हतं, आणि दिवसभर पांढऱ्या लखलखाटात डोळे घालून बसल्यावर त्याच्यात तेवढी ताकदही उरत नसे.

त्याच्या ताईचे यजमान, म्हणजे भावोजी, अंड्यांच्या लाइनवर होते. पहाटे अंधारात ठोक मालाच्या गोदामातून अंड्यांचे ट्रे उचलायचे, मोटरसायकलीच्या मागच्या लोखंडी कॅरियरवर डोक्यापेक्षा उंच रचून दोरीने आवळायचे, आणि उजाडायच्या आत आजूबाजूच्या गावांतल्या बेकऱ्यांना पोचवायचे. खड्ड्याखड्ड्यांचा रस्ता आणि मागे अंडी. असं काम करणारा माणूस एक तर देवमाणूस तरी होतो नाही तर शिवराळ तरी. भावोजी यातलं काहीच झाले नव्हते. ते मिस्कील राहिले होते. "माझ्या आयुष्यात एकच नियम," ते सांगायचे, "कुणाला धक्का लावायचा नाही."

गाडी जुनी. तिच्या हेडलाइटने मार खाल्लेल्या पोरासारखी मान खाली घातलेली, आणि ब्रॅकेटला काळ्या पडलेल्या तारेचे वेढेच वेढे. उजेड पिवळा आणि म्हातारा. एका दुपारी माल टाकून, रिकामी गाडी घेऊन ते मेव्हण्याच्या दुकानात चहाला आले, तेव्हा करंटची नजर त्या दिव्यावर गेली आणि तिथंच अडकली.

"भावोजी, लाज वाटते मला. माझ्या ताईच्या घरची गाडी आणि असला दिवा?"

"चाललंय की. वाट दिसते."

"वाट कसली दिसते, मेणबत्ती आहे ही. बसा तुम्ही. चहा प्या."

भावोजी नको नको म्हणेपर्यंत त्याने तारेचे वेढे पकडीने तोडलेही होते. जुना डोम काढला, होल्डर काढला. नवा ब्रॅकेट, नवी एलईडी, कपलरला कपलर, वायर आतून फिरवून अशी घेतली की बाहेर टोकही दिसू नये. मग गाडी डबल स्टँडवर घेऊन दुकानासमोरच्या एका गोदामाच्या भिंतीवर फोकस लावला. त्या भिंतीवर त्याने फार पूर्वी रंगाने एक आडवी रेघ मारून ठेवली होती. उजेडाची वरची कड त्या रेघेला टेकली की काम झालं. भर दुपारीसुद्धा भिंतीवर उजेडाची पट्टी स्वच्छ दिसली, आणि हेडलाइट पहिल्यांदाच मान ताठ करून उभा राहिला. करंटला फार बरं वाटलं. त्या आठवड्यात त्याला बरं वाटलेली ती एकच गोष्ट होती.

दोन-चार दिवसांनी भावोजी परत आले. "मेव्हणे, उजेड झकास आहे तुमचा. फक्त रस्त्यावर पडत नाही."

करंटने गाडी भिंतीसमोर लावली. कड रेघेवर. "बघा ना, बरोबर आहे."

"भिंतीवर बरोबर आहे. मी भिंतीवरून गाडी चालवत नाही."

दोघं हसले. पुढच्या वेळी आले तेव्हा भावोजी जरा कमी हसले. समोरून येणारे शिव्या देतात, म्हणाले. एक ट्रकवाला तर थांबून अंगावर आला. करंटने पुन्हा तपासलं. कड रेघेवर. नव्या दिव्याची सवय व्हायला वेळ लागतो, त्याने समजूत घातली. त्यानंतर अंडी फुटायला लागली. आधी एखादा ट्रे, मग एका पहाटे अख्खी रास कलली आणि भावोजी पिवळ्या बलकाने माखून घरी आले. ताईने त्यांचे कपडे धुतले आणि धुता धुता मनाशी काहीतरी पक्कं केलं.

तिसऱ्या खेपेला त्या एलईडीची सगळी वायरिंग उसवून पुन्हा जोडून झाल्यावर करंट दमला होता. पाठ भरून आली होती, बाहेर दोन गाड्या खोळंबल्या होत्या. खोक्यावरून न उठताच तो म्हणाला, "रागावू नका भावोजी. लाइट शंभर टक्के बरोबर आहे. एकदा डोळे दाखवून घ्या."

भावोजी काही क्षण भिंतीवरच्या उजेडाकडे बघत राहिले. "डोळे?" ते म्हणाले. मग किक मारून गेले.

ताईने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई भली होती. तिने नीट तपासलं आणि सांगितलं, मोतीबिंदूची अगदी नुकती सुरुवात आहे, या वयात असतेच, चष्म्याचा नंबर थोडा बदलू, घाबरण्यासारखं काही नाही, गाडीबिडी खुशाल चालवा. या एवढ्या लांब वाक्यातून ताईने एकच शब्द घरी आणला. मोतीबिंदू. तोच तिने भावाला फोनवर सांगितला, आणि तो ऐकून करंटला बरं वाटलं. वाईटही वाटलं, पण आधी बरं वाटलं, कारण याचा अर्थ त्याचं काम बरोबर होतं.

"गाडी सोडायला तूच सांग त्यांना," ताई म्हणाली. "माझं ऐकत नाहीत. तू त्यातला माणूस आहेस."

त्या संध्याकाळी तो दुकान लवकर बंद करून ताईकडे गेला, आणि आयुष्यात कधी बोलला नव्हता इतकं बोलला. डोळे म्हणजे काय चेष्टा आहे का. उद्या कुणी गाडीखाली आलं तर. आता वय झालं, हे मान्य करण्यात कमीपणा कसला. भावोजी ऐकत होते. एकदाच म्हणाले, "मला रस्ता दिसतो हो. त्यावर उजेड नसतो, एवढंच म्हणतोय मी." ताई आणि करंट यांनी एकमेकांकडे पाहिलं. आपलं दुखणं झाकायला माणूस काय काय बोलतो, अशी ती नजर होती. भावोजींनी ती नजर पाहिली. गाडीची किल्ली ताईने पिठाच्या डब्यात ठेवली, आणि अंड्यांची लाइन ठोकवाल्याने तात्पुरती एका टेम्पोवाल्याला दिली.

दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच. पण ते बाजूला बसून कथा ऐकणाऱ्याला कळतं. ज्यांच्या घरात पखाल आणि रेडा दोन्ही एकाच दोरीला बांधलेले असतात, त्यांना नाही कळत.

भावोजी खुर्चीत बसायला लागले. ताईचा फोन आला की ती सांगायची, आता आराम आहे रे त्यांना. मग हळूहळू दुसरं काही सांगायला लागली. पेपर हातात धरतात, पण पान उलटत नाहीत. चहाचा कप उचलायच्या आधी बोटाने चाचपतात. जिना उतरताना भिंतीला हात लावून उतरतात. "वाढतंय रे बहुतेक," ती म्हणायची. करंट हँडलखाली मान घालून, फोन कानाखांद्यात धरून म्हणायचा, "वाढणारच गं. वयच आहे." मनातून त्याला भीती वाटायची, की आपण सांगितलं नसतं तर हा माणूस एव्हाना कुठल्या चाकाखाली असता. स्वतःला शहाणा समजणाऱ्या माणसाची भीतीसुद्धा कशी स्वतःचंच कौतुक करणारी असते बघा.

टेम्पोवाल्याला दुसरीकडे मोठं काम मिळालं आणि तो गेला. ठोकवाल्याने ताईला निरोप धाडला, उद्यापासून तुमच्यापैकी कुणी माल उचलत असेल तर सांगा, नाहीतर लाइन कायमची दुसऱ्याला देतो. ताईने भावाला फोन केला. तिचा आवाज ऐकूनच करंटने डोळे मिटून घेतले, कारण आता काय येणार ते त्याला कळलं होतं.

"थोडे दिवस काढ रे राजा. काहीतरी मार्ग निघेपर्यंत."

नाही म्हणायलासुद्धा अंगात जीव लागतो. तो हो म्हणाला.

पहाटे ताईच्या दारातून त्याने भावोजींचीच गाडी काढली, कारण कॅरियर तिलाच होतं. भावोजी खुर्चीत जागे होते. "दोरी डावीकडून आवळा," एवढंच म्हणाले. गोदामावर हमालांनी ट्रे रचून दिले आणि गाडी मागून अशी दबली की तिचं नाक वर आलं. करंटला ते जाणवलं, पण झोपेत असल्यासारखं जाणवलं. त्याने लाइट लावली आणि निघाला.

गाव संपून बिनदिव्यांचा रस्ता लागला, तसं त्याला समोरचं झाड दिसलं. पूर्ण दिसलं. पानन् पान दिसलं, फांदीवर पंख फुगवून झोपलेला पक्षी दिसला. पुढे एका घराच्या वरच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटेसुद्धा मोजता आले असते. फक्त रस्ता दिसत नव्हता. चाकापुढे काळोखाचं डबकं होतं, आणि ते डबकं गाडीच्या पुढे पुढे पळत होतं. त्याने वेग कमी केला. समोरून आलेल्या ट्रकने अप्पर-डिप्पर मारून मारून त्याला हैराण केलं, आणि शेजारून जाताना ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ए, खाली कर ती! चंद्रावर चाललास काय?"

त्याच्या पुढच्या क्षणी खड्डा आला. आला म्हणजे तो तिथंच होता, याला दिसला नाही. मागे आधी दोरी करकरली आणि मग ओल्या चिखलात मूठ मारल्यासारखा आवाज झाला.

गाडी कडेला घेऊन तो उतरला. मागून बलक गळत होता. बराच वेळ त्याने अंड्यांकडे पाहिलंच नाही. तो पुढे चालत गेला, वळला, आणि आपण बसवलेल्या हेडलाइटसमोर उभा राहिला. उजेड थेट डोळ्यांत घुसला. मग त्याने मागच्या दबलेल्या चाकाकडे पाहिलं, आणि पुढच्या उचललेल्या नाकाकडे पाहिलं.

भिंत, रेघ, डबल स्टँड. दर वेळी गाडी रिकामी. भावोजी माल टाकून झाल्यावरच दुकानात यायचे, आणि याने दर वेळी रिकाम्या गाडीचा फोकस तपासून त्यांना खोटं पाडलं होतं. बिनदिव्यांच्या त्या रस्त्यावर ही गाडी अंधारात रिकामी कधी नसायचीच. तिथं ती असायची तेव्हा मागे ओझं असायचं. तो जुना दिवा मान खाली घालून होता तो मोडला म्हणून नाही. भावोजींनी तो तारेने तसा बांधला होता, मागे माल चढवून, रस्त्यावर बघून, हवा तेवढाच वाकवून. मोडलेलं नव्हतंच ते, बांधलेलं होतं. आणि याने, वाकडं बघवत नाही म्हणून, एका शब्दाने न विचारता ते सरळ केलं होतं.

पान्याने त्याने ब्रॅकेटचा बोल्ट ढिला केला आणि दिवा खाली झुकवला. उजेड झाडावरून उतरला, कुंपणावरून उतरला, आणि रस्त्यावर येऊन पसरला. प्रत्येक खड्डा, प्रत्येक खडा दिसायला लागला. त्याने बोल्ट आवळला. उरलेला माल त्याने सगळ्या बेकऱ्यांना पोचवला. फुटलेल्या मालाबद्दल बोलणी खाल्ली, तीही नीट ऐकली नाहीत.

उजाडल्यावर तो ताईकडे पोचला. भावोजी खुर्चीतच होते. ताई ओट्याशी होती. त्याला चहा हवा का विचारायला ती वळली आणि त्याचं तोंड बघून तशीच थांबली.

"भावोजी, डोळ्यांत काही नव्हतं," तो म्हणाला. "लाइट वर होती. माझ्याकडून वर झाली होती."

आणि मग त्याने सगळं सांगितलं, ओझं, नाक, रेघ, तार. सांगताना आपण अजूनही कारागिरासारखं बोलतोय, कोन आणि फोकस समजावतोय, याची त्याला शरम वाटली आणि तो मधेच थांबला. ताईने हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं आणि पदराने तोंड झाकलं.

भावोजी हसले. ते हसले याचंच करंटला सगळ्यात वाईट वाटलं.

"रस्त्यावर उजेड नाही म्हणालो मी," ते म्हणाले. "तीनदा आलो सांगायला. तुम्ही दोघांनी माझे डोळे तपासलेत."

"चुकलं माझं."

"चुकतं माणसाचं. त्याचं काही नाही." भावोजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पण मला दिसत होतं ना. सगळं दिसत होतं. तरी परवा जिना उतरताना भिंतीला हात लावला मी. पायरी दिसत होती आणि हात लावला. तुम्ही दोघं म्हणताय म्हटल्यावर म्हटलं, मला जे दिसतंय ते नसेलही तिथं. असं झालं होतं माझं."

करंटला त्यांच्या पायाशी बसावंसं वाटलं, पण त्यांच्यात तसं वागायची रीत नव्हती, आणि गुडघ्यांनीही ते ऐकलं नसतं. तो उभाच राहिला. थोड्या वेळाने भावोजींनी हात पुढे केला, आणि त्याने किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

दुसऱ्या पहाटे ते एकटे गेले. ताई खिडकीत उभी होती. परत आले तेव्हा एकही अंडं फुटलेलं नव्हतं, असं तिने रडत रडत फोनवर सांगितलं. करंट दुकानात खोक्यावर बसला आणि बराच वेळ त्याने शटर अर्धंच ठेवलं. सुटलो, असं त्याला वाटायला हवं होतं. दमलेल्या माणसाला एवढं जरी मिळालं तरी पुरतं. ते काही मिळालं नाही.

तसं सगळं ठीक झालं. घरी गेलं की भावोजी बोलायचे, थट्टा करायचे, स्वतः उठून याला खुर्ची द्यायचे. जिन्यात भिंतीला हात लावणं गेलं. ताई तर म्हणायची, झालं गेलं विसर बाबा, त्यांच्या मनात काही नाही. आणि खरंच नव्हतं, रागासारखं काही नव्हतं.

मग एका दुपारी भावोजी त्याच्या दुकानावरून गेले. रस्त्यात आडव्या आलेल्या कुणाला तरी त्यांनी हॉर्न दिला. नवा हॉर्न होता, खणखणीत. जुना बसका हॉर्न करंटच्या कानाला सवयीचा होता, त्यामुळे त्याने मान वर केली. भावोजींनी हात दाखवला, हसले, आणि थांबले नाहीत. संध्याकाळी ताईकडे गेला तेव्हा गाडी दारात उभी होती. तो वाकून बघत बसला. हॉर्नची वायर बाहेरूनच ओढलेली, जोड उघडा, वर कशीबशी गुंडाळलेली टेप. रस्त्यापलीकडच्या गॅरेजवाल्याचं काम. त्या माणसाच्या हाताला शिस्त म्हणून नव्हती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, भावोजींनाही. तरी ते त्याच्याकडे गेले होते. तो माणूस सांगितलं तेवढंच करायचा.

करंटचा हात त्या लोंबणाऱ्या वायरकडे गेला. मग त्याने तो मागे घेतला, आणि वायर होती तशीच राहू दिली.